ईस्टर्न स्टेट पेनिटेन्शियरी, फिलाडेल्फिया : दयाबुद्धीने उभारलेला तुरुंग

१८२९ साली सुरू झालेला आणि १९७१ मध्ये बंद पडलेला हा तुरुंग आज संग्रहालय म्हणून पाहता येतो. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील अमेरिकन सुधारकांची मनोभूमिका समजून घेऊ इच्छिणाऱ्याने तो अवश्य पाहावा.

फटक्यांनी माणूस सुधारत नाही, एकांत आणि श्रम मात्र त्याला पश्चात्तापाकडे नेतात, ही क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या विचारांनी प्रभावित सुधारकांची श्रद्धा वास्तुविशारद जॉन हॅव्हिलँड यांनी येथे दगडात उतरवली. सुरुवातीच्या कोठडीत कमानदार छत, त्यात एक झरोका आणि मागे एकट्या कैद्यापुरते उंच भिंतींचे अंगण दिसते. कोठडीत शौचालय व नळाची सोय होती. अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांच्या व्हाइट हाउसमध्येही तेव्हा नळ आलेला नव्हता! मात्र याच कैद्याला बाहेर नेताना त्याचा चेहरा टोपीने झाकला जाई आणि नावाऐवजी क्रमांकाने त्याची ओळख ठेवली जाई. पहिला कैदी चार्ल्स विल्यम्स हा अठरा वर्षांचा कृष्णवर्णीय शेतकरी होता. वीस डॉलरचे घड्याळ, सोन्याची मुद्रा आणि सोन्याची किल्ली चोरल्याबद्दल त्याला दोन वर्षांची शिक्षा झाली होती. १८३१ मध्ये फ्रान्सहून राजकीय विचारवंत अलेक्सी द तोकव्हिल ही व्यवस्था अभ्यासण्यासाठी आले, तर १८४२ मध्ये येऊन गेलेले इंग्रज कादंबरीकार चार्ल्स डिकन्स यांनी ती क्रूर ठरवली. सुधारकांची श्रद्धा आणि डिकन्स यांचे मत दोन्ही डोक्यात ठेवून कोठडीत काही मिनिटे उभे राहिल्यास डिकन्स यांचेच म्हणणे पटते.

ऑडिओ टूर उत्तम आहे. अभिनेते स्टीव्ह बुसेमी यांचे निवेदन संयत आहे आणि माजी पहारेकऱ्यांचे व कैद्यांचे आवाज अंगावर काटा आणतात. मात्र हे सारे आवाज साहजिकच विसाव्या शतकातले असल्याने पहिल्या दशकांचा एकांत निवेदनातूनच उभा राहतो, आणि तो थोडा फिका वाटतो. शिकागोचा कुख्यात गुंड अल कपोन १९२९-३० मध्ये जिथे होता, ती कोठडी लोकप्रिय असली तरी मूळ प्रयोगाविषयी फारसे काही सांगत नाही. त्याउलट अमेरिकेतील आजच्या कैद्यांचे प्रचंड प्रमाण दाखवणारा भव्य पोलादी आलेख चुकवू नये.

वास्तू मुद्दाम पडक्या अवस्थेतच जपलेली असल्याने जमीन खडबडीत आहे, त्यामुळे पायात मजबूत बूट असावेत. किमान दोन तास हाताशी ठेवावेत, सर्वांत जुन्या इमारतीपासून सुरुवात करावी आणि कपोनची कोठडी वेळ उरल्यास पाहावी.