गुप्त दीक्षेच्या नावाखाली पैसे उकळणारं मंडळ: सावध राहा

टॅरोच्या, म्हणजे पत्त्यांवरून भविष्य पाहण्याच्या, ऑनलाइन वर्गात ओळख झालेल्या एका गृहस्थांनी 'तुमची वेळ आली आहे' असं कळवून मला एका गुप्त मंडळाचं प्रवेशपत्र पाठवलं. मंडळ म्हणे शतकानुशतकं चालत आलेलं, खरे गुरू पडद्याआड. प्रवेश फुकट. पैसे सुरू होतात ते पहिल्या दीक्षेपासून, आणि दर पायरीला आकडा फुगतो. त्याला शुल्क म्हणायचं नाही, 'समर्पण' म्हणायचं. जमा मात्र होतं एका व्यक्तीच्या खात्यात, पावतीशिवाय.

खरी मेख शपथेत आहे. मिळालेली विद्या कुणाला दाखवायची नाही, इतर साधकांशी त्याबद्दल बोलायचंही नाही. मग कुणी किती भरले आणि बदल्यात काय मिळालं, हे ताडून बघणार कोण?

पुढच्या एका दीक्षेला 'परंपरेतली गुप्त पोथी' आली. स्कॅन केलेली पानं, प्रत्येकावर तिरकं माझं नाव, फुटलं तर कळावं म्हणून. एका पानाच्या तळाशी अर्धवट कापला गेलेला छापील पृष्ठांक दिसत होता. त्यातलं एक वाक्य जसंच्या तसं शोधलं, तर निघाले गोल्डन डॉन या गूढविद्येच्या जुन्या ब्रिटिश संस्थेचे विधी. गूढविद्येवर लिहिणारे लेखक इझ्रायल रेगार्डी यांनी ते १९३७ ते १९४० या काळात चार खंडांत छापून कधीच जगासमोर ठेवलेत.

गोल्डन डॉन १८८८ साली लंडनमध्ये सुरू झाली, तीच मुळी ॲना स्प्रेंगेल नावाच्या कुणा जर्मन बाईंच्या पत्रांच्या आधारावर. ती पत्रं बनावट होती, असं बहुतेक अभ्यासक मानतात. पुढे पॅरिसमध्ये एक बाई 'स्प्रेंगेल मीच' म्हणत संस्थेचे प्रमुख मॅदर्स यांच्याकडे आली, विधींचे कागद लांबवले आणि नवऱ्यासोबत लंडनमध्ये स्वतःचं दुकान थाटलं. दीक्षेच्या आडून तिथे मुलींवर अत्याचार झाले. १९०१ मध्ये दोघांना तुरुंगवास झाला. म्हणजे हा धंदाही जुनाच!

पैशांपेक्षा घातक प्रकार 'आत्मशुद्धीच्या वही'चा. घरातली भांडणं, लपवलेली नाती, मनातली भीती, सगळं लिहून वरिष्ठांना पाठवायचं असतं. मी पैसे परत मागितले तेव्हा एवढंच उत्तर आलं: 'तुमची वही आमच्याकडे सुरक्षित आहे.'

मी संदेश, खाते क्रमांक आणि व्यवहारांची नोंद बँकेला व सायबर पोलिसांना दिली. नंबर लगेच बंद झाला. वर्गातल्या आणखी एकाला नुकतंच प्रवेशपत्र आलंय: नाव वेगळं, चिन्ह वेगळं, खातेदार तोच.

तुमची वही गेली असेल, तर गप्प राहण्यासाठी एक पैसाही भरू नका; एकदा दिलात की मागणी पुन्हा येते. वहीत ज्यांच्याबद्दल लिहिलंय, त्यांना आधी तुम्हीच सांगा. आणि संतापाच्या भरात चॅट पुसू नका, पुरावा तोच आहे.