सिकलसेल: भावाचा बोन मॅरो की जीन एडिटिंगची वाट?

इंदोऱ्यातल्या एका ताईंचा प्रश्न: मुलगी नऊ वर्षांची, सिकलसेल एसएस (रक्ताच्या या आनुवंशिक आजाराचा गंभीर प्रकार), दुखण्याचे झटके वारंवार. धाकट्या भावाचा एचएलए (दाता जुळतो का हे ठरवणाऱ्या पेशींवरच्या खुणा) पूर्ण जुळला. ट्रान्सप्लांट करावं, की ‘त्या नव्या जीनवाल्या’ उपचारासाठी थांबावं?

खरं तर दोन्हींत रक्त तयार करणाऱ्या स्टेम सेलच बदलतात. आधीची जबर केमोथेरपी दोन्हींत, आणि पुढे मूल होण्यात अडचण येण्याची भीतीही. ‘एका सुईत बरं’ वगैरे जाहिराती सोडा.

फरक दात्याचा. सख्खं भावंड पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. कॅसजेव्हीत, म्हणजे त्या नव्या जीन एडिटिंगच्या उपचारात, पेशी रुग्णाच्याच, त्यामुळे दात्याच्या पेशी शरीरावर उलटण्याचा धोका नाही. हा फायदा मोठा आहे.

पण किंमत? अमेरिकेत २२ लाख डॉलर. ट्रान्सप्लांटलाही लाखो रुपये लागतात, तरी ट्रस्ट आणि सरकारी मदतीची दारं ठोठावता येतात.

अनुभवातही ट्रान्सप्लांट पुढे: सिकलसेलमधलं यश १९८४ पासूनचं. कॅसजेव्हीला २०२३ मध्ये मंजुरी मिळाली, तीही १२ वर्षांपासून पुढच्यांसाठी.

म्हणून ताई, जुळणारं भावंड आणि त्रास जास्त, तर थांबू नका. लहान वयात निकाल चांगले येतात. दाता नसेल त्यांनी हायड्रॉक्सियुरिया हे झटके कमी करणारं औषध नियमित घेत नव्या उपचाराकडे लक्ष ठेवावं. त्रास सौम्य असेल, तर दोन्हींची घाई नको.