प्रेअरी डॉगच्या शिकारीसाठी स्कोप: ४-१६ की ६-२४?

अमेरिकेतील साउथ डकोटा, वायोमिंग किंवा मोंटानाच्या गवताळ माळरानावर प्रेअरी डॉगच्या शिकारीला निघणाऱ्याची रायफल बहुधा आधीच ठरलेली असते; .२२३ रेमिंग्टन नाही तर .२२-२५० काडतुसाची. घोडे पेंड खाते ते स्कोप, म्हणजे रायफलवरची दुर्बीण, किती पटीचा घ्यावा या प्रश्नापाशी.

खारीच्या कुळातील हा प्राणी बिळाच्या तोंडाशी दोन पायांवर उभा राहिला, तरी त्याच्या धडाची रुंदी जेमतेम तीन-चार इंच भरते. ४०० यार्डांवर एक मिनिटाचा कोन (अंशाचा साठावा भाग) सुमारे ४.२ इंच व्यापतो, म्हणजे लक्ष्याची अख्खी रुंदी त्याच्या आतच मावते. हरणांसाठी उत्तम ठरणारा ३-९ पटीचा स्कोप येथे दोनशे यार्डांपुढे तोकडा पडतो; .१७ एचएमआर या छोट्या, कमी पल्ल्याच्या काडतुसाच्या रायफलवर मात्र तो खुशाल वापरावा.

राहिले दोन पर्याय: ४ ते १६ पट आणि ६ ते २४ पट मोठे दाखवणारे स्कोप. ४०० यार्डांवरचा प्राणी १६ पटीवर पंचवीस यार्डांवर असल्यासारखा दिसतो आणि २४ पटीवर सुमारे सतरा यार्डांवर, त्यामुळे कागदावर ६-२४ सरस वाटतो. परंतु उन्हाळ्यात सकाळ सरून जमीन तापली की तिच्यावरील हवा थरथरू लागते आणि स्कोप ती थरथरही तितक्याच पटीने मोठी करून दाखवतो. प्राण्याची कड विरघळते, तो पाण्याखाली असल्यासारखा डुलतो, आणि २४ पटीचा मालकही मुकाट्याने पट बदलणारी कडी फिरवून १४ वर येतो. येथेच दुसरी मेख आहे. रेटिकल (नेम धरण्याच्या रेषा) दुसऱ्या प्रतलात असेल, म्हणजे पट बदलले तरी ती तेवढीच दिसत असेल, तर त्यावरील खुणांची मापे एकाच विशालनावर (पटीवर), सहसा सर्वोच्च विशालनावर, खरी असतात. त्यामुळे १४ वर त्याच खुणांनी वाऱ्याची सूट धरणाऱ्याचा नेम चुकणारच. पहिल्या प्रतलातील, पटीबरोबर लहान-मोठी होणारी रेटिकल ही अडचण दूर करते, मात्र तिची जाडी दुकानातच सर्वोच्च विशालनावर तपासून घ्यावी, कारण जाड रेषा एवढे लहान लक्ष्य झाकून टाकते.

विशालन वाढले की दृष्टिक्षेत्र आकसते आणि चित्रही मंदावते: ५० मिलिमीटरच्या भिंगातून १६ पटीवर डोळ्यापर्यंत सुमारे ३.१ मिलिमीटरचा प्रकाशझोत येतो, तर २४ पटीवर २.१ मिलिमीटरचा. .२२३ चा धक्का सौम्य असल्याने १२-१४ पटीवर आपल्याच गोळीने उडालेली धूळ स्कोपमधून दिसते आणि पुढची गोळी वाऱ्याच्या हिशेबाने सुधारता येते. माझ्या मते या शिकारीत हा लाभ जादा आठ पटींपेक्षा मोलाचा आहे.

म्हणून .२२३ आणि साडेतीनशे यार्डांपर्यंतचा पल्ला असेल, तर ४-१६ घ्यावा आणि वाचलेले पैसे चांगल्या काचेत घालावेत. तीच रायफल कोयोटी या कोल्ह्यासारख्या प्राण्यासाठीही वापरायची असेल, तर खालचे ४ पट हवेतच. .२२-२५० घेऊन, बाकावर बसून, पहाटेच्या थंड हवेत चारशेच्या पुढे नेम धरणाऱ्याला मात्र ६-२४ शोभतो.

एच-१बी व्हिसावर असलेल्या मराठी मंडळींनी मात्र स्कोपच्या आधी कायदा पाहावा. अशा व्हिसाधारकांना बंदूक बाळगण्यास संघीय कायद्याने मनाई आहे. वैध शिकार परवाना हा त्यातील एक अपवाद होय. शिवाय युटा प्रेअरी डॉग ही जात संरक्षित आहे.