पंप तीन चांदण्या, नळीला शून्य : क्लचची हवा काढायचा हातपंप, आठ महिन्यांनंतर

पसरणी घाटात, ऐन वळणावर, क्लचचं पेडल खाली गेलं ते वर आलंच नाही. बुटाच्या टोकाने उचलायचं, पुन्हा दाबायचं, असं करत गिअर पाडला आणि वाईला परत उतरलो. सर्व्हिस सेंटरवाल्यांनी क्लचचे वरचा (पेडलजवळचा) आणि खालचा (गिअरबॉक्सजवळचा) दोन्ही सिलिंडर बदला म्हणत 7,200 सांगितले. अकरा वर्षांच्या गाडीला! त्या रागात 1,350 चा हा व्हॅक्यूम हातपंप मागवला. (पेडलचा दाब तेलातून क्लचपर्यंत जातो; तेलात हवा शिरली की पेडल बसतं, ती हवा हा पंप खेचून काढतो.)

पंपाबद्दल तक्रार नाही, काटा व्यवस्थित चढतो. पण सोबतची नळी! निप्पलवर, म्हणजे खालच्या सिलिंडरच्या हवा काढायच्या तोटीवर, बसतच नाही. बसवली की सुटते, सुटली की डॉट-4 (ब्रेक-क्लचचं तेल) थेट कोपरापर्यंत. 1,350 रुपये घेता आणि दहा रुपयांची नळी धड देता येत नाही?

तीन संध्याकाळी पंप मारला, बुडबुडे संपेचनात. अर्धा लिटर तेल गेलं. पंपाला एकच चांदणी द्यायची ठरवून टाकली होती. मग लक्षात आलं, निप्पल सैल केला की त्याच्या आट्यांतूनच बाहेरची हवा खेचली जाते. आट्यांना बाहेरून ग्रीस थापलं, बुडबुडे थांबले. म्हणजे ती शिवी मी उगाच दिली. (नळीला दिलेली मागे घेत नाही.)

तरी पेडल अर्धंच. मग जुनी पद्धत. ही सीटवर, मी गाडीखाली. "दाबलं?" "दाबलंय." "सोडू नको हं!" दहाच्या रिंग पान्याने निप्पल उघडायचा, तेल आलं की बंद, मगच पेडल हाताने वर. वीसेक वेळा झालं. हिचा पाय दुखला, पेडल बोटभर सुधारलं.

शेवटी उपयोगी पडली मेडिकलमधली 60 मिलीची सिरिंज. हवा वर चढणारी, मग तिला खाली ओढायचं कशाला? खालच्या निप्पलमधून नवं तेल हळूहळू वर ढकललं. वरची तेलाची टाकी आधी रिकामी करायला विसरलो, तेल ओसंडलं आणि फेंडरवर तळहाताएवढा रंग फुगला. पण पेडल दगडासारखं!

महिन्याभरात पुन्हा मऊ. ब्रेक-क्लचची टाकी एकच, क्लचची नळी तिच्यात वरच्या अंगाला. पातळी उतरली की आधी क्लच हवा खातो. मग तेल जातंय कुठे? खालच्या सिलिंडरचा रबरी बूट सरकवला, आत ओलं. 220 रुपयांचं सील किट टाकलं, पुन्हा सिरिंज. पाच महिने झाले, रिव्हर्स गिअर एकदाही खरडला नाही.

सिलिंडर गिअरबॉक्सच्या आत असेल तर सील बदलायला गिअरबॉक्सच उतरवावा लागतो, तिथे हे धाडस नको.

पंप आता टाकीतलं जुनं तेल उपसायला वापरतो. काल वापरला. नळी सुटली.