मादी म्हणून घेतलेला नर आणि साडेपाच हजारांच्या गाठी

साताऱ्यात माझं किराणा दुकान आहे. सकाळी आठ ते रात्री नऊ मी वजनकाट्यामागे उभा असतो. पन्नास ग्रॅम जिरं कमी भरलं तर गिऱ्हाईक बोलायच्या आधी मलाच कळतं. असा माणूस गिनीपिग नावाच्या एका मूठभर जनावरापायी साडेपाच हजारांना बुडाला, म्हणून हे लिहायला बसलोय. विषय जरा अवघड जागेचा आहे. पण मी अवघडलो म्हणूनच समोरच्याचं फावलं, तेव्हा आता आडपडदा ठेवत नाही.

सातवीतल्या मुलाला दिवाळीच्या सुट्टीत गिनीपिग हवा होता. वर्गातल्या कुणीतरी त्याला सांगितलं होतं की नराला वास येतो, मादीच घे. एका व्हॉट्सॲप ग्रुपवर जाहिरात सापडली: ‘मादी, तीन महिने, अतिशय शांत, लहान मुलांसाठी उत्तम’. किंमत पंधराशे. शिवाय ‘खास परदेशी चारा’, अर्धा किलोला साडेतीनशे. एसटी स्टँडबाहेर एका पोरानं बुटांचं खोकं हातात दिलं, पैसे फोनवरून घेतले आणि गर्दीत मिसळला. खोक्याला पेनानं चार भोकं पाडलेली होती. आत तांबूस रंगाचा एक गोळा बसला होता, कपाळावर पांढरा ठिपका. रंग थेट भाजलेल्या खव्याचा, म्हणून पोरानं नाव ठेवलं कंदी. साताऱ्याच्या पोराला दुसरं काय सुचणार!

दुकानात आल्याआल्या त्यानं कंदीला काट्याच्या ताटलीत बसवून फोटो काढला. मीच तो कौतुकानं विकणाऱ्याला पाठवला, ‘पोचली, थँक्यू’ म्हणून. त्या वेळी वीज गेली होती आणि काट्याची बॅटरीही उतरली होती, त्यामुळे आकडे बंद होते. विजेची ती दहा मिनिटं मला फार महाग पडली.

दहाएक दिवसांनी पिंजऱ्याजवळ वास यायला लागला. लघवीचा असता तर कळला असता, हा कुजका, आंबूस वास होता. भुसा बदलला, टोपली घासली, तरी वास जागच्या जागी. मग पोरानं दाखवलं की कंदीच्या मागच्या बाजूला दोन फुगवटे आहेत आणि त्यांच्या मध्ये काहीतरी काळपट, चिकट अडकलंय. मी विकणाऱ्याला फोन केला. तो म्हणाला, ‘साहेब, वयात येतेय, माद्यांना पाळी असते, जाईल वास.’ आता हे वाचताना हसू येतं. गिनीपिगच्या मादीला पाळी येत नाही. तिच्या लघवीत किंवा मागच्या बाजूला रक्त दिसलं तर ते आजाराचं लक्षण असतं. पण आपल्याला कुठं ठाऊक? आणि घरात बायको, मुलगी, आई समोर असताना ‘पाळी’ शब्द ऐकून मी घाईघाईनं फोन ठेवला. जास्त विचारलंच नाही.

चार दिवसांनी परत फोन केला, तेव्हा त्यानं फोटो मागितला. फोटो पाहून त्याचा आवाज एकदम गंभीर झाला. ‘साहेब, या गाठी आहेत. दोन्ही बाजूंनी वाढल्यात. मी डॉक्टरांना विचारतो.’ पाच मिनिटांत दुसऱ्या नंबरवरून ‘डॉक्टर’ बोलू लागले. गिनीपिगचे स्पेशालिस्ट, पुण्याचे, रविवारी साताऱ्यात येतात वगैरे. म्हणाले, कॅन्सरचा संशय आहे, ऑपरेशन करून गाठी काढू, तीन हजार आगाऊ पाठवा. तोवर इन्फेक्शन आवरायला औषध, साडेसहाशे. औषध कुरिअरनं आलं. बाटलीवर लेबल नव्हतं, आत गुलाबी गोड पातळ काहीतरी. पोरगं रडत होतं. मी पैसे पाठवले.

आता यातली मेख बघा. त्यानं पहिल्यांदा ‘मादी’ म्हणून सांगितलं आणि मी ते डोळे मिटून मानलं. एकदा मादी मानल्यावर मागचे दोन फुगवटे म्हणजे गाठीच असणार, दुसरं काही सुचतच नाही. पहिली थाप पचली की दुसरीला फारशी मेहनत लागत नाही.

हे सगळं फोडलं माझ्या आईनं. ती कोरेगाव तालुक्यातल्या शेतकरी घरातली, वय चौऱ्याहत्तर. शनिवारी संध्याकाळी तिनं चष्मा लावला, कंदीला दोन्ही हातांत धरून उलटं केलं आणि माझ्याकडं पाहिलं.

‘आरं, मादी कुणी सांगितली तुला? ह्यो नर हाय की!’

मी म्हटलं, ‘आई, गाठी आहेत त्या. उद्या ऑपरेशन आहे.’

‘दोन हायत, दोन्ही बाजूला सारख्या हायत. असल्या गाठी तुझ्या आज्याच्या बैलालाबी हुत्या.’ मग तिला हसू आवरेना. ‘खच्ची करायला निघालावतास व्हय रं त्याला, कॅन्सर म्हणून?’

बायको आत निघून गेली. मुलगी तोंडावर ओढणी धरून बसली. पोरानं विचारलं, ‘आजी, खच्ची म्हणजे काय?’ इतकी अब्रू माझी उधारीवालं गिऱ्हाईक पळून गेल्यावरही गेली नव्हती.

त्या ‘परदेशी’ चाऱ्याची पिशवीही आईनंच हुंगली. ‘लसूणघास हाय वाळलेला. तुझा मामा म्हशीला घालतो.’ साडेतीनशे रुपये अर्धा किलो!

मग मी काटा चालू केला आणि कंदीला ताटलीत ठेवलं. एक किलो एकशे चाळीस ग्रॅम. तीन महिन्यांचं पिल्लू अर्ध्या किलोच्या आसपास असतं. पूर्ण वाढलेला नर साधारण नऊशे ग्रॅम ते बाराशे ग्रॅम भरतो. हा आकडा मला पहिल्या दिवशीच दिसला असता.

त्या गुलाबी औषधाचे दोन डोस तोवर पोटात गेले होते आणि शनिवारी दुपारपासून कंदीनं खाणं सोडलं होतं. रविवारी सकाळी अर्थातच कुणी स्पेशालिस्ट आला नाही, दोन्ही फोन बंद. आम्ही गावातल्याच एका डॉक्टरबाईंकडे गेलो. त्या शिरवळच्या क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकलेल्या आहेत, हे भिंतीवरच्या प्रमाणपत्रावर वाचलं. नोंदणी क्रमांकही तिथंच होता. भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा १९८४ चा आहे आणि नोंदणी नसलेल्या माणसाला जनावरांवर डॉक्टरकी करता येत नाही. फोनवरच्या त्या गृहस्थाला मी साधा नोंदणी क्रमांक विचारला असता तरी तो गडबडला असता. पण आपण म्हशीच्या डॉक्टरला विचारत नाही, उंदराएवढ्या जनावराच्या डॉक्टरला काय विचारणार, असं वाटतं.

बाईंनी आधी बाटली उघडून हुंगली आणि बाजूला ठेवून दिली. आत काय आहे ते वासावरून सांगता येत नाही म्हणाल्या, पण लहान मुलांची अशी गोड अँटिबायोटिक्स लोक सर्रास देतात आणि तिथंच घात होतो. पेनिसिलीनच्या जातीची औषधं, त्यात अ‍ॅमॉक्सिसिलीनही आलं, गिनीपिगच्या तोंडावाटे गेली की आतड्यातले उपयोगी जिवाणू मरतात, विषारी जिवाणू माजतात आणि जुलाब होऊन जनावर काही दिवसांत दगावू शकतं. आणि गिनीपिगनं अर्धा दिवस जरी तोंडात काही घेतलं नाही तरी उद्या बघू म्हणायचं नसतं. त्याचं आतडं सतत चालू असावं लागतं.

मग त्यांनी टॉवेलवर कंदीला पाठीवर धरलं आणि मला जवळ बोलावलं. मी मागं सरलो. त्या म्हणाल्या, ‘काका, बघा. घरी तुम्हालाच करायचंय.’

नराच्या मागच्या बाजूला, गुदद्वाराभोवती एक कातडीची खोळ असते. तिच्यात ग्रंथी असतात, हद्द आखायला जनावर ती जमिनीवर घासत जातं, म्हणून थोडा उग्र वास नैसर्गिक असतो. गिनीपिग दोन प्रकारच्या लेंड्या टाकतो. एक कडक, आपण झाडून काढतो ती. दुसरी मऊ, ती तो गुदापासूनच थेट खातो, कारण तिच्यात जीवनसत्त्वं असतात. वय झालं की नराचे तिथले स्नायू सैल पडतात, मऊ लेंडी बाहेर ढकलली जात नाही आणि खोळीत साठून तिचा गोळा होतो. कडक लेंड्या मात्र पडत राहतात, त्यामुळे घरच्यांना वाटतं पोट साफ आहे. कुजका वास आणि काळपट चिकटा होता तो हाच. बाईंनी कोमट पाणी आणि थोडं लिक्विड पॅराफिन लावून, खोळीच्या कडा अंगठ्यांनी हलक्या बाजूला सारत तो गोळा बाहेर घेतला. वास आला तेव्हा आई सोडून सगळे खोलीबाहेर गेले. बोट आत घालायचं नाही, कापसाची काडी कोचायची नाही, ओढायचं नाही. दहा मिनिटांचं काम.

‘ऑपरेशन झालं,’ त्या म्हणाल्या.

पुढची बाजूही दाखवली. लिंगावर जी कातडी असते, ती मागं सारल्यावर आत पांढरट थर आणि त्यात गुंडाळलेला गवताचा एक लांब तुकडा निघाला. केस, गवत, भुसा तिथं अडकतो, सुजतो, पुढं जखम होते. कधी रबरासारखा पांढरा चिवट तुकडाही सापडतो. ते सुकलेलं वीर्य असतं, लोक त्याला पू समजून घाबरतात. कोमट पाण्यानं भिजवून निघालं तर काढायचं, घट्ट चिकटलं असेल तर डॉक्टरकडं जायचं. साबण, डेटॉल, बाजारातला सुगंधी फवारा यातलं काही तिथं लावायचं नाही.

मी विचारलं, नर-मादी ओळखायची कशी? मूत्रमार्गाच्या जरा वर पोटाशी हलकं दाबलं की नराचं लिंग बाहेर येतं, मादीचं काही येत नाही, तिथं इंग्रजी वाय अक्षरासारखी फट दिसते. पिल्लांत दोन्ही सारखंच वाटतं, तिथं चुकणं समजू शकतं. पण किलोभर वजनाच्या, वृषणं एवढी भरलेल्या नरात चूक होत नाही, असं त्या स्पष्ट म्हणाल्या. विकणाऱ्याला ठाऊक होतं. म्हातारा, खोळ तुंबलेला नर कुणी घेत नाही, म्हणून तो तीन महिन्यांची मादी झाला.

आईनं बाईंना विचारलं, दातावरून वय कळंल का? बैलबाजारात ती दात मोजत मोठी झालेली. गिनीपिगचे दात जन्मभर वाढतात आणि घासले जातात, त्यामुळं दातावर काही कळत नाही. नखं, कातडी आणि सैल पडलेली खोळ बघून बाईंनी चारच्या पुढचं वय धरलं. आयुष्य साधारण पाच ते आठ वर्षं. म्हणजे पोराला मी खेळायला सोबती आणला म्हणावं तर तो आजोबाच निघाला.

लसूणघासाचंही ऐकून घ्यावं लागलं. त्यात कॅल्शियम भरपूर. वाढत्या पिल्लाला, गाभण मादीला चालतो, पण मोठ्या नराला रोज घातला तर अंगावर येतो. गिनीपिग जादा कॅल्शियम लघवीवाटे टाकतो, लघवी गढूळ होते, पांढरी पूड सुकते, पुढं मुतखडा होतो. नराची मूत्रनळी अरुंद, खडा अडकला तर लघवी बंद. कुंथताना चीं चीं आवाज, लघवीत रक्त, पाठ वाकवून बसणं, यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी एक्स-रे. कंदीच्या एक्स-रेत खडा नव्हता, मूत्राशयात नुसता गाळ होता. थोडक्यात निभावलं. आता साधं वाळलेलं गवत पोटभर, आणि माणसासारखंच त्याचं शरीर क जीवनसत्त्व बनवू शकत नाही म्हणून ढोबळी मिरचीची फोड, पेरूचा तुकडा.

पैशांचं सांगतो. १९३० वर फोन केला, सायबरची तक्रार नोंदवली, नंबर मिळाला. १९१५ च्या ग्राहक हेल्पलाइनलाही कळवलं. पाच लाखांपर्यंतच्या मालाच्या तक्रारीला जिल्हा ग्राहक आयोगात फी लागत नाही, हे तिथून कळलं. पण आयोगात प्रतिवादी म्हणून नाव कुणाचं लिहायचं? माझ्याकडं त्याचं नाव, पत्ता, पावती, काही नाही. ‘मादी, तीन महिने’ हा मेसेज त्यानं दोन्हीकडून पुसून टाकला होता. मी त्याचा स्क्रीनशॉट काढला नव्हता. दुकानात पाच रुपयांच्या उधारीलाही मी वहीत सही घेतो.

आता एक दिवसाआड दुकान उघडायच्या आधी गल्ल्याजवळ टॉवेल पसरतो. आई धरते, मी साफ करतो. नाव बदलून कंद्या झालंय. त्याचं वजन उधारीच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहितो. एका आठवड्यात पन्नास ग्रॅमच्यावर घट दिसली की बाईंना फोन. पहिल्यांदा हात थरथरले, आता गिऱ्हाईक समोर असलं तरी काही वाटत नाही. परवा एक शिक्षक पोहे घ्यायला आले, पाच मिनिटं बघत राहिले, मग हळूच म्हणाले, ‘आमच्याकडंही एक आहे. जरा वास येतो. कुणाला विचारावं कळेना.’

गेल्या आठवड्यात पोरानं मोबाइल आणून दाखवला. दुसरा ग्रुप, नवा नंबर. ‘मादी, तीन महिने, अतिशय शांत.’ किंमत अठराशे. फोटो कंद्याचा, कपाळावर तोच पांढरा ठिपका. खाली माझ्याच काट्याची ताटली, आकडे बंद. या वेळी स्क्रीनशॉट काढला आणि तक्रारीला जोडला.