धर्मांतरितांचा आश्रय: दिल्लीतील अर्ज की करारबद्ध देश?

धर्मांतरामुळे मायदेशी छळ होईल अशी भीती असलेल्या, सध्या गोव्यात राहणाऱ्या इराणी वा अफगाण नागरिकापुढे मुख्यतः दोन मार्ग असतात. नवी दिल्लीतील संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक कार्यालयात अर्ज करण्यासाठी सीमा ओलांडावी लागत नाही. परंतु भारत १९५१ च्या निर्वासित कराराचा पक्षकार नसल्यामुळे तेथील ओळखपत्राचे कायदेशीर वजन बेताचेच राहते. जर्मनीसारख्या करारबद्ध देशात नकाराविरुद्ध न्यायालयात दाद मागता येते, मात्र अर्जासाठी आधी त्या भूमीवर पोहोचावे लागते आणि केवळ आश्रय मागण्यासाठी व्हिसा सहसा मिळत नाही.

कसोटी दोन्हीकडे सारखीच कठोर असते. बाप्तिस्म्याचा दाखला पुरेसा ठरत नाही; मन का वळले, उपासना कशी चालते, हे मुलाखतीत खोदून विचारले जाते. तरीही श्रद्धा लपवून सुरक्षित राहा, असे अर्जदाराला सांगता येत नाही, हे युरोपीय संघाच्या न्यायालयाने २०१२ मध्ये स्पष्ट केले. (पोर्तुगीज राजवटीतील धार्मिक छळामुळे केळशीची शांतादुर्गा देवी कवळ्याला हलवावी लागली, हे जाणणाऱ्या गोमंतकीयांना यात नवल वाटू नये.)

करारबद्ध देशाचा वैध व्हिसा आधीच हाती असेल तरच दुसरा मार्ग सरस ठरतो. एरवी दिल्लीचा अर्ज लांबणीवर टाकू नये.