वस्तऱ्यासाठी चामडी पट्टा: टांगता घ्यावा की फळीचा?

घरी वस्तऱ्याने दाढी करायची ठरली की लोक पात्याचा अभ्यास करतात आणि पट्टा उरलेल्या पैशांत उरकतात. खरं तर रोजचा संबंध पट्ट्याशीच येतो: दाढीआधी पातं त्यावर पुढे-मागे फिरवून धार सरळ करायची असते. ते नीट फिरलं तर सहाणेची गरज कित्येक महिने पडत नाही, चुकीचं फिरलं तर लावून आणलेली धार दोन-चार फेऱ्यांत जाते. सलूनमधल्या ब्लेड बदलायच्या वस्तऱ्याला मात्र पट्टा लागतच नाही. हा सगळा खटाटोप अखंड पोलादी पात्याचा.

पहिला प्रश्न चामड्याचा नव्हे, बांधणीचा. टांगत्या पट्ट्याचं एक टोक कडीला अडकवायचं, दुसरं हातात ताणून धरायचं. बहुतेकांत दोन पदर असतात: कापडाचा आणि चामड्याचा. आधी कापडावर वीस-तीस फेऱ्या, मग चामड्यावर चाळीस-पन्नास. लांबी भरपूर मिळते, हाताला लय सापडते. खोट एकच, पण मोठी: पट्टा सैल पडला की चामडं पात्याभोवती वळतं आणि धार गोल होते. नवख्या हाताचं लक्ष पात्याकडे असतं, त्यामुळे ताण कधी सुटला हे कळतही नाही.

फळीच्या पट्ट्यात चामडं लाकडावर चिकटवलेलं असतं, त्यामुळे ताणाचा प्रश्नच उरत नाही. टेबलावर ठेवून काम होतं, भिंतीत कडी ठोकावी लागत नाही. भाड्याच्या घरात ही सोय लहान नाही. लांबी कमी असते, कापडाचा पदर बहुधा नसतो. तरीही पहिला पट्टा फळीचाच घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता रुंदी. दोन, अडीच आणि तीन इंच ही नेहमीची मापं. वस्तऱ्याची धार साधारण तीन इंचांची, म्हणून तीन इंची पट्ट्यावर ती एकदम टेकते आणि पातं सरळ ओढता येतं. दोन इंचीवर ते तिरकं सरकवावं लागतं, नाहीतर धारेचं टोक किंवा टाच, म्हणजे मुठीकडची बाजू, पट्ट्याला लागतच नाही. मात्र धारेला किंचित बाक असलेल्या जुन्या वस्तऱ्याला अरुंद पट्टाच मानवतो.

पट्टा कापला जातो तो वळणावर. फेरी संपली की पातं पाठीवरून, म्हणजे धारेसमोरच्या जाड कडेवरून, उलटायचं. पाठ चामड्याला टेकलेली राहिली पाहिजे आणि धार वरून फिरून आली पाहिजे. घाईत आधी धार खाली आली की चामड्यात चंद्रकोरीसारखा काप पडतो. काप कडेला असला तर बारीक पॉलिशपेपरने घासून चालवून घेता येतं. मधोमध आणि खोल असेल तर प्रत्येक फेरीला धार तिथे अडखळते.

म्हणूनच कॉर्डोव्हन चामडं इतक्यात नको. घोड्याच्या पुठ्ठ्याच्या कातड्यातल्या एका दाट थरापासून ते बनतं. शिकागोच्या हॉरविन टॅनरीत ते तयार व्हायला किमान सहा महिने लागतात. त्यावर पातं जवळजवळ आवाज न करता सरकतं. सुख आहे, पण त्या गुळगुळीतपणामुळे हात नको तेवढा वेगही घेतो. साध्या गाईच्या किंवा म्हशीच्या चामड्याला थोडी ओढ असते, ती शिकाऊ हाताला आवरते. कमावणी वनस्पतीजन्य असावी; क्रोमने कमावलेलं मऊ चामडं दबतं आणि ताणतं. कोल्हापुरी चपलांचं चामडं वनस्पतीजन्य कमावणीचंच असतं. कारागिराकडून बिनडागाचा, गुळगुळीत तुकडा मिळाला आणि तो सपाट सागवानी फळीवर चिकटवला, तर सरावाचा पट्टा घरीच होतो.

हिरवी पेस्ट, म्हणजे क्रोमियम ऑक्साइड, अर्ध्या मायक्रॉनच्या बारीक कणांची मिळते आणि मंदावलेली धार थोडी जागी करते. ती वेगळ्या फळीवरच लावा, रोजच्या चामड्यावर नको; एकदा मुरली की निघत नाही.

कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर पावसाळ्यात पट्टा प्लास्टिकमध्ये गुंडाळू नका, बुरशी धरते. उघड्यावर, बाथरूमपासून दूर ठेवा. खोबरेल अजिबात नको. दाढीआधी तळहात चार वेळा दाबून फिरवला की चामड्याला पुरतं.

हात बसला आणि दोन-तीन महिन्यांत नवा काप पडला नाही, की तीन इंची टांगता पट्टा घ्या, कापडाच्या पदरासकट. जुनी फळी पेस्टसाठी राहू द्या.